बॅरेन्झायाचे २३ दगड सापडले, चोविसावा गेला कुठे? (स्कायरिम, मॉडांची भानगड)

गुहावासी

मंडळी, तीन आठवडे डोकं खाजवून झालं, आता तुमच्या दारात आले आहे.

ज्यांनी स्कायरिम या व्हिडिओ गेममधले बॅरेन्झायाचे दगड गोळा केले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. जगभर २४ लहान उघड्या डब्या पडलेल्या आहेत, प्रत्येकीत एक गुलाबीसर खडा. पहिला उचलला की जर्नलमध्ये क्वेस्ट येते. तो थीव्ह्ज गिल्डच्या (चोरांच्या टोळीच्या) वेक्सला दाखवायचा, मग ती सांगते की हा एकटा नाही, याची तेवीस भावंडं आहेत. आणि इथून पुढे खेळ तुम्हाला वाऱ्यावर सोडतो. नकाशावर खूण नाही, कुठला मिळाला कुठला राहिला याची यादी नाही. फक्त आकडा. दगड विकताही येत नाहीत, टाकताही येत नाहीत, थैलीत खडखडत राहतात.

माझा आकडा २३.

चूक कुठे झाली तेही सांगते. पहिले चौदा मी दिसतील तसे उचलले, कुठेही नोंद केली नाही. पंधराव्यापासून शहाणपण सुचलं, वहीत चोवीस ओळी आखल्या, एकेका जागी जाऊन बरोबरची खूण करायला लागले. त्या हिशेबाने नऊ मिळाले. मग उरलेल्या सगळ्या जागा पुन्हा फिरले: फेलग्लो कीप, हॉब्स फॉल केव्ह, इंगविल्ड, डेड क्रोन रॉक, पाइनवॉच, डेन्टी स्लोड जहाज, सगळं. प्रत्येक जागा रिकामी. म्हणजे चौदा मी आधीच उचलले होते म्हणून रिकाम्या आहेत, आणि एक कुठली तरी उगाचच रिकामी आहे. कुठली ते ओळखायचं कसं?

सेटअप: स्पेशल एडिशन, व्हर्जन १.६.११७०, मॉड सांभाळणारा प्रोग्राम मॉड ऑर्गनायझर २, एकूण ३१२ मॉड (खेळाडूंनीच बनवलेले खेळातले बदल). त्यात पूर्ण प्लगइन (खेळाचा डेटा बदलणाऱ्या फायली) १८७, बाकी हलके किंवा नुसत्या टेक्श्चरच्या फायली. लूट (प्लगइनांचा क्रम लावणारा प्रोग्राम) चालवलेलं आहे. गेम क्रॅश होत नाही, उलट इतका गुण्यागोविंदाने कधी चालला नव्हता.

बाणगुडघ्यात

भाऊ, रीकिंग केव्ह बघितलीस का? थालमोर दूतावासातून पळताना जी गुहा लागते ती. दहातल्या आठ जणांचा दगड तिथेच राहतो. मागे सैनिक, पुढे ट्रोल, अशा वेळी कोपऱ्यात डबी कोणाला दिसते. दुसरा संशयित स्टोनी क्रीक केव्ह.

गुहावासी

भाऊ नाही, ताई. :)

रीकिंग केव्हचा मिळालाय, वहीत खूण आहे. स्टोनी क्रीकचाही. तिथल्या जादूगाराने मला दोनदा मारलं म्हणून चांगलं लक्षात आहे.

आळशी_ड्रॅगन

कन्सोल (खेळाला थेट आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, एक दगड थैलीत टाका, चोवीस दगडांचा मुकुट घ्या, झोपा. आयुष्य लहान आहे.

षोडशमान

वरचा सल्ला अजिबात ऐकू नका. थैलीत दगड आला म्हणून क्वेस्टचा आकडा वाढेलच असं नाही. क्वेस्टला तुमच्या थैलीशी देणंघेणं नसतं. ती मोजते जागेवरची डबी उचलल्याची घटना. थैलीत २४ आणि जर्नलमध्ये २३ अशी अवस्था आली तर आहे त्याहून वाईट, कारण मग कुठला खरा नि कुठला खोटा हेही कळणार नाही. अगदीच नाइलाज झाला तर नवीन दगड तयार न करता मूळ डबीलाच आपल्यापाशी ओढून आणायचं. पण ती पुढची गोष्ट.

ताई, तुमच्याकडे एकदम जुना सेव्ह आहे का? एकही दगड उचलला नव्हता त्या काळातला?

गुहावासी

आहे. लेव्हल ४ चा, व्हाइटरनच्या वेशीबाहेरचा. का?

षोडशमान

मग निम्मं काम झालंच. त्या सेव्हमध्ये चोवीसही डब्या जागेवर असायला हव्यात. तो लोड करा, आत्ताचे सगळे मॉड चालू ठेवूनच. मग कन्सोलमधून थेट एकेका जागी उडी मारत फिरा. सीओसी ही आज्ञा, त्यापुढे त्या सेलचं, म्हणजे खेळातल्या त्या खोलीचं किंवा भागाचं, नाव. क्वेस्ट, कुलपं, वैर, कशाचा विचार करायचा नाही, हा सेव्ह पुन्हा जपायचा नाहीये. नऊ जागा वहीत आहेत, त्या सोडा. उरलेल्या पंधरा बघा. जिथे खडा चमकेल ती जागा निर्दोष. जिथे लेव्हल ४ च्या सेव्हमध्येही काही नाही, तिथे तुमचा चोर.

फक्त एक करा. फिरून झाल्यावर त्या सेव्हवर पुन्हा सेव्ह करू नका.

चांदणवेल

हे भारी आहे! मी दोन वर्षांपूर्वी अशाच अवस्थेत तो खेळ सोडून दिला होता. जुना सेव्ह पुरावा म्हणून वापरायचं सुचलंच नाही.

अवांतर: खुणा दाखवणारा मॉड का नाही वापरत लोक? मी पुढच्या वेळी तोच घालणार. २४ जागा इंटरनेटवर बघून जायचं आणि नकाशावर बाण बघून जायचं यात फरक काय?

बाणगुडघ्यात

फरक आहे. बाण दिसला की आपण फक्त बाण बघतो. यादी हातात असली की निदान खोली तरी बघतो. जोरव्हास्करच्या (कंपॅनियन्स या योद्ध्यांच्या गटाच्या घराच्या) तळघरात मी दगडासाठी गेलो आणि अर्धा तास लोकांची पुस्तकं वाचत बसलो. बाण असता तर आत गेलो, उचलला, बाहेर.

आळशी_ड्रॅगन

अर्धा तास वाचलाच ना मग. माझा मुद्दा तोच.

गुहावासी

सापडला! म्हणजे दगड नाही, जागा सापडली.

पंधरापैकी चौदा ठिकाणी खडा चमकतोय. ड्रॅगन्सरीचमध्ये यार्लच्या खोलीत, व्हाइटरनच्या हॉल ऑफ द डेडमध्ये, विंडहेल्मला शॅटर-शील्डांच्या घरात, आर्चमेजच्या दालनात, सगळीकडे. पंधरावी जागा जोरव्हास्कर. कंपॅनियन्सचा म्होरक्या कोडलाकची खोली. तिथे काही म्हणजे काही नाही.

आणि गंमत बघा, कंपॅनियन्सची कथा मी पूर्ण केलेली आहे. खेळाच्या हिशेबाने ती खोली आता माझीच आहे. तिथे मी कितीतरी रात्री झोपले असेन. बाणगुडघ्यात यांनी ज्या तळघराचं नाव घेतलं तेच.

हो, त्या खोलीत एक सजावटीचा मॉड आहे माझ्याकडे. जोरव्हास्करमध्ये गालिचे, शस्त्रांच्या मांडण्या, नवी कपाटं आणतो. देखणा आहे, नाव घेत नाही, उगाच त्याच्या कर्त्यावर लोक तुटून पडतील. पण मॉड ऑर्गनायझरमध्ये त्याच्यापुढे विजेचं चिन्हच नाही. म्हणजे त्याचं कुणाशी भांडण नाही, बरोबर ना?

षोडशमान

नाही. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॉड दोन पातळ्यांवर भांडतात. पहिली पातळी फायलींची. दोन मॉड एकाच नावाचं, एकाच फोल्डरमधलं टेक्श्चर घेऊन आले तर एकच टिकणार. मॉड ऑर्गनायझरच्या डाव्या बाजूची वीज याच भांडणाची आहे. अधिक म्हणजे हा दुसऱ्याची फाइल झाकतोय, उणे म्हणजे याची झाकली जातेय. हे भांडण डोळ्यांना दिसतं, सोडवायला सोपं, आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी. फार तर दगडी भिंत एकाऐवजी दुसऱ्या रंगाची दिसेल.

दुसरी पातळी नोंदींची. प्रत्येक प्लगइनच्या पोटात नोंदी असतात. ही तलवार इतकं नुकसान करते, या सेलचा प्रकाश असा आहे, ही डबी या खोलीत अमुक एक्स, वाय, झेडवर ठेवलेली आहे. दोन वेगवेगळ्या नावांच्या प्लगइननी एकाच डबीची नोंद बदलली, तर फायली वेगळ्या असल्यामुळे डाव्या बाजूला वीज चमकणारच नाही. पण खेळात डबी एकच आहे, ती दोन जागी राहू शकत नाही. लोड ऑर्डरमध्ये, म्हणजे प्लगइन लोड होण्याच्या क्रमात, जो प्लगइन खाली, त्याची नोंद संपूर्णच्या संपूर्ण लागू. अर्धी याची, अर्धी त्याची असं तडजोडीचं खातं नाही.

तर आधी हे ठरवू की दगड मुळात कुठे असतो. मॉड ऑर्गनायझरमध्ये नवीन प्रोफाइल करा, सगळे मॉड बंद. प्रोफाइलचे सेव्ह वेगळे ठेवायची खूण करायला विसरू नका. आणि त्यात तुमचा मॉडवाला सेव्ह लोड करू नका, मुख्य मेनूवरच कन्सोल उघडून थेट जोरव्हास्करच्या तळघरात उडी मारा. कोडलाकच्या खोलीत डबी दिसली की कन्सोल उघडा ठेवून तिच्यावर क्लिक करा. आठ अंकी आयडी येईल, तो लिहून घ्या.

पहिलीपायरी

माफ करा, मधेच विचारतो. मी परवाच मॉड घालायला सुरुवात केली. आठ अंकी आयडी म्हणजे काय? आणि वर ताईंनी 'पूर्ण' आणि 'हलके' प्लगइन लिहिलंय ते?

षोडशमान

विचारा की. खेळातल्या प्रत्येक वस्तूला आठ अंकी षोडशमान क्रमांक असतो. शून्य ते नऊ आणि त्यापुढे ए ते एफ. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे ती वस्तू मुळात कुठल्या प्लगइनची, त्याचा लोड ऑर्डरमधला नंबर. मूळ खेळाची मुख्य फाइल सगळ्यात वर, म्हणून तिच्या वस्तू ०० ने सुरू होतात. दोन अंकांत ०० ते एफएफ एवढेच नंबर बसतात. एफएफ खेळ स्वतःसाठी ठेवतो, खेळताना तयार होणाऱ्या वस्तूंना. एफई हलक्या प्लगइनांना दिलाय. राहिले २५४ पूर्ण प्लगइन.

हलके प्लगइन सगळेच्या सगळे एफईच्या एका खोलीत दाटीवाटीने राहतात, ४०९६ पर्यंत. अट अशी की प्रत्येकाने थोड्याच नव्या नोंदी आणायच्या. आधी प्रत्येकी नव्या नोंदींची मर्यादा २०४८ होती, २०२३ च्या डिसेंबरमधल्या अपडेटने ती ४०९६ केली. याच बदलामुळे नव्या पद्धतीने बनवलेले प्लगइन जुन्या व्हर्जनवर घातले की गेम सुरू होतानाच कोसळतो. तुम्ही १.५.९७ किंवा १.६.६४० वर असाल तर त्यासाठीचा वेगळा सोय-मॉड आधी टाका.

आळशी_ड्रॅगन

आता कळलं यांचं नाव षोडशमान का ते.

खडूसमांजर

मला वाटतं सगळे उगाच खोलात चाललेत. फ्रेम रेट किती आहे? या इंजिनात वस्तूंचं भौतिकशास्त्र फ्रेम रेटला बांधलेलं आहे. साठच्या वर गेलं की खोलीत शिरताच ताटल्या, पुस्तकं, भांडी उडायला लागतात. माझं एक स्किल बुक फडताळावरून उडून भिंतीपलीकडे गेलं होतं. एकूण ९० स्किल बुकं, मी ८९ वर. दगड पण तसाच उडाला असेल.

षोडशमान

पुस्तकांच्या बाबतीत शंभर टक्के खरं. पण ही डबी पुस्तकासारखी उचलून भिरकावता येणारी वस्तू नाही, जागेवर घट्ट असते. ताई, तरीही तुमचा फ्रेम रेट सांगा.

गुहावासी

साठवर बांधलेला आहे, त्यासाठीचा मॉडही आहे.

अर्धाकप

तीस दिवस खेळाबाहेर राहून बघा. म्हणजे खेळातले तीस दिवस. सेल रीसेट झाला की वस्तू परत येतात.

षोडशमान

साधा सेल दहा दिवसांनी, साफ केलेला तीस दिवसांनी रीसेट होतो हे बरोबर. पण रीसेट म्हणजे प्लगइनने सांगितलेल्या स्थितीवर परत जाणं. प्लगइनच चुकीचं सांगत असेल तर तीनशे दिवस झोपलात तरी डबी तिथेच.

गुहावासी

नव्या प्रोफाइलचं काम केलं. मूळ खेळात डबी कोडलाकच्या खोलीत व्यवस्थित आहे. आयडी ०० ने सुरू, लिहून घेतला.

आता कबुली. उत्साहाच्या भरात लगेच एसएसई-एडिट (प्लगइनांच्या नोंदी शेजारी-शेजारी दाखवणारा प्रोग्राम) उघडला, आयडी टाकला, तर एकच रकाना. मूळ खेळाचा. म्हटलं झालं, एकाही मॉडने डबीला हात लावलेला नाही, सगळा सिद्धांत पाण्यात. तासभर धुमसत बसल्यावर लक्षात आलं, मी एसएसई-एडिट फोल्डरमधून डबल क्लिक करून उघडला होता. मॉड ऑर्गनायझरमधून नाही.

षोडशमान

हाहा, हे प्रत्येकाने एकदा केलेलं असतं. पहिलीपायरी, तुमच्यासाठी: मॉड ऑर्गनायझर गेमच्या फोल्डरमध्ये काहीच टाकत नाही. मॉड आपापल्या खोक्यात राहतात, आणि त्याच्यातून सुरू केलेल्या प्रोग्रामलाच ते एकत्र मांडलेले दिसतात. बाहेरून उघडलेल्या प्रोग्रामला मूळ खेळ सोडून काहीच दिसत नाही. गेमही त्याच्यातूनच सुरू करायचा, तोही एसकेएसईच्या (बऱ्याच मॉडांना लागणाऱ्या जोड-प्रोग्रामच्या) लाँचरने.

बाणगुडघ्यात

एक चावट कल्पना. मॉडवाल्या खेळात कोडलाकच्या खोलीत जा, कन्सोलमध्ये टीसीएल लिहा, भिंती-फर्निचर आरपार होतात. मग त्या नव्या कपाटात डोकं घाला.

गुहावासी

बाणगुडघ्यात!!!

आहे! कपाटाच्या आत! बंद दारामागे, फळी आणि मागची भिंत यांच्या मधोमध, डबी अर्धी लाकडात रुतलेली, खडा मात्र अंधारात टिमटिमतोय. तीन आठवडे मी चोवीस जागा फिरले आणि हा माझ्याच पलंगाशेजारी. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आळशी_ड्रॅगन

उचला मग! टीसीएल चालू आहे, समोर दगड आहे, बटण दाबा.

चांदणवेल

यावेळी मी आळशींच्या बाजूने. डबी मूळचीच आहे, आकडाही वाढेल. यात फसवणूक कसली?

गुहावासी

उचलता आला असता, खरं आहे. पण आता दगडापेक्षा तो तिथे गेला कसा याचं कुतूहल जास्त आहे. शिवाय ही सेटअप मी बहिणीलाही देणार आहे, तिचा दगड पण कपाटातच जन्मणार. आज रात्री मॉड ऑर्गनायझरमधून एसएसई-एडिट उघडते.

गुहावासी

उघडला. तीन रकाने आले. डावीकडे मूळ खेळ, मध्ये सजावटीचा मॉड, उजवीकडे... माझा प्रकाशयोजनेचा मॉड?! जो फक्त मेणबत्त्या आणि मशालींचा उजेड बदलतो. त्याचा दगडाशी काय संबंध?

जागेच्या आकड्यांची ओळ लाल आहे. मूळ खेळात एक जागा, सजावटवाल्याने दुसरी दिलीय, आणि प्रकाशवाल्याचे एक्स, वाय, झेड तिन्ही आकडे मूळ खेळाशी तंतोतंत जुळतात. शेवटच्या दशांशापर्यंत. माझ्या मते सजावटवाला जिंकायला हवा, कारण बदल त्यानेच केलाय. प्रकाशवाल्याने तर काहीच बदललं नाही.

षोडशमान

उजेड पडला. अक्षरशः.

बदल कुणी केला हे खेळ विचारत नाही. सर्वात उजवीकडे कोण, एवढंच विचारतो. सजावटवाल्याने शहाणपणाने विचार केला होता: इथे माझं कपाट येणार, म्हणून डबी उचलून बाजूला ठेवू. कपाटही आणलं, डबीही हलवली. त्याच्यानंतर प्रकाशवाला आला. त्याच्या कर्त्याने क्रिएशन किटमध्ये (मॉड बनवायच्या साधनात) दिवे लावताना कधीतरी चुकून त्या डबीवर क्लिक केलं असणार, कदाचित एक केसभर हलवून परत ठेवली. झालं, डबीची नोंद त्याच्या प्लगइनमध्ये कायमची चिकटली, मूळच्याच आकड्यांसकट. नोंद मूळ जागेचीच, पण शेवटची, म्हणून ती जिंकली. डबी परत मूळ जागी गेली. कपाट मात्र सजावटवाल्याचं स्वतःचं, नवीन, त्याला कुणी हात लावला नाही, ते तिथेच उभं राहिलं. कपाट अधिक डबी, दोन्ही एकाच जागी.

अशा नोंदीला आयटीएम म्हणतात, मास्टरशी (ज्या मूळ फायलीवर प्लगइन बेतलाय तिच्याशी) हुबेहूब नोंद. एकटी असेल तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या वर कुणी खरा बदल केलेला असला की तो बदल पुसून टाकते.

अर्धाकप

पण ताईंनी लूट चालवलं होतं ना? मग लूटने हे का नाही सोडवलं?

षोडशमान

लूट फक्त क्रम लावतं. कुठला प्लगइन आधी, कुठला नंतर, त्याच्याकडच्या नियमांच्या आधारे. नोंदींचं भांडण सोडवणं त्याचं काम नाही, आणि कुठली नोंद तुम्हाला हवी आहे हे त्याला कळणार तरी कसं. पण आयटीएम असलेल्या प्लगइनबद्दल ते बहुतेक वेळा सूचना देतं. ताई, प्रकाशवाल्याच्या नावाखाली काही पिवळं लिहिलेलं नव्हतं?

गुहावासी

...होतं. 'साफ करण्याची गरज आहे' असं. सहा महिन्यांपासून असेल. १८७ प्लगइनांत एक पिवळी ओळ कोण वाचतं, असं वाटलं होतं.

मग आता प्रकाशवाल्याला सजावटवाल्याच्या वर नेऊन ठेवू का? सजावटवाला शेवटी येईल, डबी बाहेर.

षोडशमान

डबी बाहेर येईल आणि दिवे जातील. एसएसई-एडिटमध्ये त्या सेलचीच नोंद उघडून बघा. डबीची नाही, तळघराच्या सेलची. तिथेही बहुधा तीन रकाने दिसतील, कारण सजावटवाला सेलमध्ये वस्तू ठेवतो तेव्हा सेलची नोंदही सोबत घेऊन येतो, मूळच्या प्रकाशासकट. तो खाली गेला की प्रकाशवाल्याची मेहनत पाण्यात. एक दुरुस्त करायला क्रम हलवायचा आणि दुसरीकडे काहीतरी मोडायचं, हा खेळ न संपणारा आहे.

दोन मार्ग आहेत. पहिला, एक छोटा पॅच. नवीन हलका प्लगइन, त्यात डबीची नोंद सजावटवाल्याची, सेलच्या प्रकाशाची नोंद प्रकाशवाल्याची, आणि तो सगळ्यांच्या खाली. दुसरा, प्रकाशवाल्यातली ती फालतू नोंद काढूनच टाकायची. तुमच्या बाबतीत दुसरा बरा, कारण आजार तिथेच आहे.

खडूसमांजर

किंवा सजावटवाला मॉडच काढून टाका. एका कपाटासाठी एवढं?

षोडशमान

चालू सेव्हमधून मॉड काढणं हा शेवटचा उपाय समजा. स्क्रिप्ट असलेला मॉड काढला की त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहतात, वीस-तीस तासांनी कधीतरी भूत बनून उभे राहतात. नुसत्या फर्निचरच्या मॉडमध्ये धोका कमी. पण ताईंनी त्या कपाटात सामान ठेवलं असेल तर तेही कपाटासोबत गायब.

गुहावासी

ठेवलंय की. ड्रॅगन प्रीस्टचे सगळे मुखवटे. कपाटाला हात लावायचा नाही!

तर साफसफाई. एसएसई-एडिटचं क्विक ऑटो क्लीन वापरू ना?

षोडशमान

हो. तो फक्त तो प्लगइन आणि त्याचे मास्टर उघडतो, तुमच्या बाकीच्या तीनशे मॉडांशी तुलना करत नाही, म्हणून हुबेहूब नोंद बरोबर ओळखतो. आधी प्लगइनची एक प्रत बाजूला ठेवा. आणि मॉडच्या पानावर 'साफ करू नका' असं लिहिलेलं नाही ना ते बघा. काही पॅचमध्ये आयटीएम मुद्दाम ठेवलेले असतात, खालच्या कुणाला तरी मूळ अवस्थेवर आणायला. लूट सांगतंय म्हणून डोळे झाकून सगळं घासून काढणारे लोक मग नवा धागा काढतात.

पहिलीपायरी

वाचनखूण साठवली. माझ्याकडे सध्या अकरा मॉड आहेत. सहा पिवळ्या ओळी आहेत. आत्ता बघितल्या.

गुहावासी

झालं.

साफसफाईला एक मिनिटही लागलं नाही. खालच्या पट्टीत दिसलं, १७ आयटीएम काढले. म्हणजे आणखी सोळा ठिकाणी या मॉडने कुणाच्या तरी बदलावर बोळा फिरवला असण्याची शक्यता आहे, पण ती यादी वाचायचा धीर आज नाही. मॉडच्या पानावर 'साफ करू नका' असं काही नव्हतं, तरी प्रत ठेवली.

माझा चालू सेव्ह लोड केला. जोरव्हास्करबाहेर उभी राहिले, दार उघडलं, खाली उतरले. कोडलाकच्या खोलीत कपाटाशेजारी सजावटवाल्याने एक छोटं तिवई-टेबल ठेवलेलं आहे. इतके दिवस ते रिकामं होतं आणि मला वाटायचं, या माणसाने इतकं सगळं मांडलं आणि हे टेबल रिकामंच का सोडलं? त्यावर डबी. मेणबत्तीचा नवा उजेड खड्यावर पडलाय.

उचलला. २४.

बाणगुडघ्यात

अभिनंदन ताई! आता मुकुट. टोलवाल्ड्स केव्हमध्ये जा, फाल्मर भरपूर आहेत, औषधं घेऊन जा. रस्ता लांबलचक आहे, हरवाल.

चांदणवेल

रिकाम्या टेबलावर खरं तर शंका यायला हवी होती सगळ्यांना. मीही तो मॉड वापरते बहुधा. माझं टेबल रिकामंच आहे!!

षोडशमान

चांदणवेल, प्रकाशाचा मॉड कुठला? मला निरोपातून कळवा. आणि गुहावासी, कर्त्याला कळवलंत का? नाव न घेता भांडण टाळलंत ते ठीक, पण त्या माणसाला माहीतच नसेल.

गुहावासी

कळवलं. डबीचा आयडी, तिन्ही रकान्यांचा फोटो, सगळं पाठवलं. अगदी नम्रपणे, कारण फुकटात वर्षभर माझ्या गुहा उजळल्यात त्याने. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, साफ केलेली आवृत्ती चढवलीय आणि वर एक ओळ: 'दगडाबद्दल क्षमस्व.'

मुकुट आणला, वेक्सला दिला. बक्षीस म्हणून प्राउलर्स प्रॉफिट ही जास्त रत्नं मिळवून देणारी शक्ती मिळाली. आता प्रत्येक मडक्यातून, पेटीतून, मढ्याच्या खिशातून पाचू-माणकं सांडतायत आणि ओझ्यामुळे मला पळता येत नाहीये. अर्धी माणकं त्याच कपाटात ठेवलीत.

आळशी_ड्रॅगन

ओझ्यावर कन्सोलमध्ये एक उपाय आहे.

गुहावासी

नको!